सामीला नको असलेला क्वार्टरबॅक

आमच्या खेळाडूच्या हातून चेंडू निसटला आणि मी टाळ्या वाजवल्या.

हातात लोकरीचे मोजे होते, त्यामुळे आवाज फारसा झाला नसावा. पण शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या भुवयांवर आणि चष्म्याच्या कडांवर बर्फाचे कण अडकले होते.

"तुम्ही पाहुण्यांच्या बाजूच्या का?"

"नाही. इथलीच. टोलेडोची."

"मग टाळ्या कसल्या?"

"आज हरलो की पहिला नंबर आपला," मी म्हटलं.

यावर टोलेडोत तरी आणखी काही समजावावं लागत नाही. हंगामात जी टीम सगळ्यांत वाईट खेळते तिला वसंतात, ड्राफ्टच्या दिवशी, देशभरच्या कॉलेजांतून हवा तो खेळाडू सगळ्यांच्या आधी उचलता येतो. आमचे टग्स कित्येक वर्षं वाईट खेळत होते. पण सगळ्यांत वाईट व्हायलाही त्यांना जमत नव्हतं. शेवटच्या सामन्यात उगाच जिंकायचे आणि चांगला क्वार्टरबॅक दुसरं कुणी घेऊन जायचं. आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, नसला तर बाकीचे कितीही दणकट असोत, काही उपयोग नाही. सगळा खेळ त्या एकाच्या हातातून सुटतो.

"म्हणजे आपली टीम बुडावी म्हणून तुम्ही या थंडीत येऊन बसलात?"

"घरी बसून बुडली असती तर घरीच बसले असते."

त्याला हसू आलं, पण ते त्याने मफलरमध्ये दाबलं. "माझ्या आजोबांनी या खुर्चीत बसून घसा फोडून घेतला. त्यांच्या शेजारी अशी बाई बसते हे कळलं तर उठून येतील कबरीतून."

मी त्या खुर्चीकडे नीट पाहिलं. माझी खुर्ची बाबांची. त्यांचे गुडघे गेल्यापासून मी येते. पण लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून इथे यायचे, तेव्हा शेजारी एक म्हातारे गृहस्थ असायचे.

"तुमचे आजोबा म्हणजे चष्मेवाले तनूस? मला दर सामन्याला पाव द्यायचे. वर तीळ आणि कसला तरी आंबूस हिरवा मसाला…"

त्याने मांडीवरची चांदीच्या कागदाची पुडी उघडली. तोच वास आला. पाव अर्धा तोडून त्याने माझ्या हातमोज्यावर ठेवला. अजून कोमट होता.

"सामी," तो म्हणाला. "आजोबांचं दुकान चालवायला डेट्रॉइटहून परत आलो."

"हालिना सोबचाक."

आम्ही हरलो. स्टेडियम हळूहळू रिकामं झालं. सामी बराच वेळ मैदानाकडे पाहत उभा राहिला. मग हात पुढे करून गंभीरपणे म्हणाला, "अभिनंदन."

"आभारी आहे," मी म्हटलं.

त्याच्या कोटाच्या आतल्या बाजूला, शिवणीपाशी, निळ्या काचेचा एक मणी टाचणीने लावलेला होता. मला तो दिसला. मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

*

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू झाला की आमच्या चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी तळलेला मासा मिळतो. लांब टेबलं, कागदी ताटं, कोबी, बटाटा भरलेले पिएरोगी. सामीचं चर्च वेगळं, नदीपलीकडे. तरी पहिल्याच शुक्रवारी तो ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसला.

"तुमच्याकडे मासे मिळत नाहीत वाटतं?"

"मिळतात. पण तिथे क्वार्टरबॅकवर भांडायला कुणी नाही. सगळ्यांचं एकमत आहे."

"कुणावर?"

"स्टोलवर. अर्थातच."

त्या वर्षी नावं दोनच होती. कोल्बी स्टोल दक्षिणेकडच्या मोठ्या कॉलेजचा. उंच, सोनेरी केसांचा, चेंडू फेकला की विमान सुटल्यासारखा जायचा. दुसरा मायका तुइआलो. मूळचा सामोआ बेटावरच्या घरातला, वाढलेला यूटाच्या डोंगरात, आणि क्वार्टरबॅकच्या मानाने बुटका. टोलेडोत त्या तीन महिन्यांत कुठेही जा — न्हाव्याकडे, पेट्रोल पंपावर, दवाखान्यात — माणूस नाव सांगायच्या आधी स्टोल की मायका ते सांगायचा.

मी मायकाच्या बाजूची होते. माझं काम तलावाचं पाणी तपासायचं. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरते, ती विषारी आहे की नुसती कुरूप, हे बघायचं. शांत दिवशीचं पाणी बघून काही कळत नाही, वादळानंतरचं बघावं लागतं. त्याच सवयीने मी दोघांचे फक्त ते चेंडू पाहिले, जे त्यांनी अंगावर माणसं धावून येत असताना फेकले होते.

"स्टोलला मोकळा वेळ मिळाला तर तो सुंदर फेकतो," मी म्हटलं. "कुणी अंगावर आलं की डोळे मिटतो."

"उंच आहे," सामी म्हणाला.

"जिराफही उंच असतो," बुडनिकबाई म्हणाल्या. त्या कोबी वाढायच्या. पण खरं काम म्हणजे प्रत्येक टेबलाशी थांबून मत देणं. "मी काय म्हणते, पोराची आई बघा. स्टोलची आई सामन्याला काळा चष्मा लावून बसते. मायकाची आई घोंगडीत गुंडाळून बसते आणि ओरडते. घोंगडीवाल्या बाईचा मुलगा घ्यावा."

"बाई, असं कुठे क्वार्टरबॅक निवडतात का!" लेन अंकल म्हणाले. काचेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कानाला यंत्र, आवाज तिप्पट. "तो मायका डावखुरा आहे म्हणे. डावखुरा नको बुवा आपल्याला."

"उजव्या हाताचा आहे," सामी पटकन बोलला. "लहानपणी डावखुरा होता. जर्दाळूच्या झाडावरून पडून मनगट मोडलं, म्हणून मग उजव्याने शिकला. त्याची थोरली बहीण अंगणात चेंडू आणून द्यायची."

आम्ही सगळे त्याच्याकडे पाहत राहिलो.

"वाचलं कुठेतरी," तो ताटात बघत म्हणाला. "पण बुटकाच आहे. पुढच्यांच्या खांद्यावरून त्याला मैदान दिसणार कसं?"

"तू चष्मेवाला ना? दे एखादा करून," मी म्हटलं.

'तू' कधी सुरू झालं ते मला नक्की सांगता येत नाही. बहुधा इथेच.

लेन अंकल हसले. सामीही हसला आणि हसता हसता त्याची नजर माझ्या नाकावर थांबली. "तुझा चष्मा घसरतोय. किती दिवस झाले?"

"बरेच."

"आण इकडे."

त्याने चष्मा माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हातांनी, सरळ पुढे ओढून काढला. त्याशिवाय मला त्याचा चेहरा म्हणजे नुसता तपकिरी डाग दिसत होता. त्याने काड्या बोटांत धरून किंचित वाकवल्या, श्वासाने काच ओली केली, शर्टाच्या टोकाने पुसली. मग चष्मा परत चढवला. त्याची बोटं माझ्या कानामागे, हाडापाशी क्षणभर थांबली… बसतो की नाही ते बघायला.

"टोचतंय?"

"नाही."

"डोकं हलव."

मी हलवलं. चष्मा हलला नाही. बाकी बरंच काही हललं असावं, कारण बुडनिकबाईंनी मला न मागता आणखी कोबी वाढला.

*

मार्चमध्ये पत्र आलं. मिलवॉकीच्या एका संशोधन संस्थेने मला प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. तलाव दुसरा, काम हेच, पण मोठं. उत्तर द्यायची मुदत एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी संपत होती. म्हणजे ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी.

मी ते सामीला त्याच्या गाडीत सांगितलं. आम्ही नदीकाठी थांबलो होतो. पाऊस लागला होता, मार्चचा, बर्फ व्हायचं की पाणी हे न ठरवलेला. काचेवर थेंब पडायचे आणि जाड होऊन हळूहळू ओघळायचे. गाडीत त्याच्या दुकानाचा वास होता. काच घासायच्या भुकटीचा आणि त्या हिरव्या मसाल्याचा.

मला काय ऐकायचं होतं ते मला अगदी स्पष्ट माहीत होतं. मला त्याने 'जाऊ नकोस' म्हणायला हवं होतं. मग मी गेले असते की नाही हा पुढचा प्रश्न. मिलवॉकीचं काम चांगलं होतं आणि मी इथल्या तलावाला कंटाळलेली नव्हते. तराजू दोन्हीकडे जवळजवळ सारखा होता. त्याच्या एका शब्दाला जागा होती.

त्याने वायपर एकदा फिरवून बंद केला. मग एकदम म्हणाला, "मस्त!"

"मस्त?"

"मिलवॉकी उत्तम गाव आहे. चीज चांगलं मिळतं. बीअर चांगली. जा तू."

"एवढंच?"

"इथे काय ठेवलंय? ही टीम? जा, हालिना. खरंच जा. मी असतो तर उद्याच गेलो असतो."

बोलताना त्याचा एक हात कोटाच्या आत होता. मला वाटलं, थंडी वाजतेय.

"बरं," मी म्हटलं. आणि मग आम्ही मायकाच्या उंचीवर भांडलो, कारण दुसरं काही बोलायला सुचेना.

पुढच्या प्रत्येक शुक्रवारी हेच. मिलवॉकीचा विषय निघाला की सामी तिथल्या रस्त्यांची, सॉसेजची, हवेचीसुद्धा स्तुती करायचा. मिलवॉकीच्या हवेची स्तुती मी आजवर तिथल्या माणसांकडूनही ऐकलेली नाही. आणि तरी… मी निघाले की कोट धरून उभा राहायचा. पावात मसाला जास्त घातलेला असायचा, कारण मला तसा आवडतो. बोलणं एक सांगत होतं आणि हात दुसरंच. प्रयोगशाळेत असं झालं तर मी उपकरण पुन्हा तपासते. इथे मात्र मी त्याच्या बोलण्यावर सरळ विश्वास ठेवला. दुखत असलं की माणूस सोपा निष्कर्ष धरतो.

ईस्टरला त्याने मला घरी जेवायला बोलावलं. लेबनानी घर, टेबलावर ताट ठेवायला जागा नाही एवढं अन्न. आजी, जिला सगळे सित्तो म्हणत, खिडकीपाशी आरामखुर्चीत बसली होती. मांडीवर पणतू. गुबगुबीत, काळ्याभोर डोळ्यांचा, जाहिरातीत असावा तसा.

"किती गोड आहे!" मी म्हटलं.

सित्तो दचकली. "कसला गोड! माकड आहे. कान बघ केवढे. कुणी घेतं का बघा याला." असं म्हणून तिने त्याच्या कपाळावर ओठ टेकले.

मग मला जवळ बोलावलं. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, या गालावरून त्या गालावर नजर फिरवली आणि भरल्या घरात मोठ्याने म्हणाली, "अरेरे. काय हडकुळी मुलगी! रंग मेणासारखा. हिच्याशी लग्न कोण करणार?"

सामीच्या हातून सॅलडचा चमचा खाली पडला. तो कानापर्यंत लाल झाला होता. त्याची आत्या घाईने म्हणाली, "मनावर घेऊ नकोस गं, सित्तोचं बोलणं असंच."

मी मनावर घेतलं. सभ्यपणे जेवले, आभार मानले आणि घरी येऊन मिलवॉकीतल्या घरांची भाडी बघितली.

*

ड्राफ्टच्या संध्याकाळी तळघरात उभं राहायला जागा नव्हती. मोठा पडदा लावला होता. सगळे टग्सच्या गडद लाल रंगात. बाबासुद्धा काठी टेकत आले होते आणि लेन अंकलशी स्टोलवरून भांडत होते. सामीने सित्तोला आणलं होतं. ती पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घेऊन, अंत्यविधीला बसावं तशी बसली होती.

सामीने स्टोलच्या कॉलेजची टोपी घातली होती. कोरी. किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती.

"शेवटपर्यंत स्टोलच का?" मी विचारलं.

"स्टोलच. मायका आला तर आपलं वाटोळं. लिहून ठेव."

"उद्या मी मिलवॉकीला उत्तर देतेय."

"हो ना. दे. होच म्हण." त्याचा हात पुन्हा कोटात गेला.

मी तोंड फिरवून पडद्याकडे पाहिलं. सुटातला एक गृहस्थ मंचावर आला, हातात कार्ड. तळघर असं शांत झालं की मागे भांड्यात तेल तडतडताना ऐकू येत होतं.

"टोलेडो टग्सची निवड… मायका तुइआलो."

अर्धं तळघर ओरडलं, अर्धं कण्हलं. बुडनिकबाईंनी कोबी वाढायचा डाव हवेत फेकला. "घोंगडीवाली! मी म्हटलं होतं!" बाबांनी काठी आपटली, आनंदाने की रागाने ते कळलं नाही.

मी विजयी चेहऱ्याने सामीकडे वळले. तो खुर्चीत नव्हता. तो जमिनीवर बसला होता, भिंतीला टेकून. टोपी काढून पोटाशी धरली होती आणि रडत होता. मी खाली बसले.

"सामी, अरे… खेळ आहे. हरतो माणूस."

"हरलो ना?" त्याने वर पाहिलं. डोळे वाहत होते आणि तोंड कानापर्यंत हसत होतं. "काय सुंदर हरलो! तो आला, हालिना. मायका आला! त्याने ती बर्फातली मॅच खेळली ना, मी ती कितीदा पाहिली असेल… झोपेत सांगेन तुला प्रत्येक चेंडू."

"पण तू तर…"

"मग काय त्याचं नाव घेऊ तोंडाने? माझं कपाट बघ एकदा. ज्या ज्या क्वार्टरबॅकवर मी जीव लावला त्याची जर्सी आहे तिथे. एकाचा पाय मोडला. एकाचा खांदा. एक बेसबॉलला गेला. एक आता विमा विकतो, मलाच विकायला आला होता! मी हवा म्हटलं की संपलं. नजर लागते. माझीच." त्याने कोटाची कड उलटी केली. नजर लागू नये म्हणून लावलेला निळा मणी. "म्हणून या वेळी तोंडातून अक्षर काढलं नाही. तीन महिने त्या जिराफाची आरती केली. जीव गेला माझा."

आजूबाजूला लोक नाचत होते. कुणाचा तरी बूट माझ्या बोटांवरून गेला. मी तशीच बसून राहिले, कारण माझ्या डोक्यात एक एक गोष्ट जागेवर बसत होती. माकडासारखा पणतू. मेणाच्या रंगाची मुलगी. मिलवॉकीची हवा.

"सामी," मी म्हटलं, "आणखी कुठल्या गोष्टीबद्दल तू असं बोलला आहेस?"

त्याचं हसू थांबलं. कानापासून लाली पसरू लागली, अगदी ईस्टरला पसरली होती तशी.

पहिल्या रांगेतून सित्तोने मान वळवून आम्हा दोघांना जमिनीवर बसलेलं पाहिलं आणि गर्दीतूनही ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "ही अजून हडकुळीच आहे!"

*

आम्ही बाहेर आलो. पावसाची भुरभुर होती, दिव्याखालीच दिसावी इतकी बारीक. चर्चच्या आवारात गाड्यांची रांग, आणि टग्सचा लाल झेंडा लावलेल्या एका गाडीचा हॉर्न सारखा वाजत होता.

"मिलवॉकीबद्दल विचारते," मी म्हटलं. "जाऊ का मी?"

"जा," तो म्हणाला. आवाज बसला होता.

"नक्की?"

"नक्की. आजच जा. धावत जा."

"असं नाही चालणार. मला उद्या फोन करायचाय. मला सरळ उत्तर हवं."

"सरळ सांगितलं की बिघडतं, हालिना. तू कपाट पाहिलेलं नाहीस."

"मी क्वार्टरबॅक नाही. माझा खांदा मोडणार नाही आणि मी विमा विकणार नाही. आणि तू इतके दिवस उलटं बोललास तर काय झालं, माहितेय? मी परवा तिथल्या एका घरमालकाशी बोलून ठेवलं. तुझ्या त्या युक्तीने मी जवळजवळ गेलेच होते."

हे त्याला सुचलंच नव्हतं. त्याचा चेहरा पाहून मला ते कळलं. देव, नशीब, नजर या सगळ्यांना फसवायच्या नादात मी ऐकतेय, आणि मी खरं मानते, हा हिशेब त्याच्याकडून राहूनच गेला होता.

"घरमालकाशी?" तो म्हणाला.

"खिडकीतून तलाव दिसतो म्हणे."

तो ओल्या डांबराकडे पाहत राहिला. मग त्याने कोटातून तो मणी टाचणीसकट काढला. माझ्या कोटाची कड उलटी केली. टाचणी दोनदा त्याच्याच बोटात घुसली… आणि मणी आतल्या बाजूला लावला. लावून झाल्यावरही कड सोडली नाही. त्याच्या पापण्यांवर पाण्याचे बारीक कण होते.

"थांब," तो म्हणाला. इतकं हळू, की कुणी ऐकेल याची त्याला अजूनही भीती असावी.

"कुठे? इथे, पावसात?"

"इथे. टोलेडोत. माझ्याजवळ. जाऊ नकोस, हालिना. मला तू…" त्याने आजूबाजूला पाहिलं, डोळे मिटले आणि शेवटचं एका दमात संपवलं. "मला तू फार आवडतेस. शेवटच्या सामन्यापासून. टाळ्या वाजवल्यास तेव्हापासून."

"डोळे उघड," मी म्हटलं. "कुणी अंगावर धावून आलं की डोळे मिटणारा मला चालत नाही. मी तीन महिने हेच सांगतेय."

त्याने उघडले. मग मीच पुढे झाले. चष्मे एकमेकांवर आपटले. त्याचा व्यवसाय असूनही दोघांचे वाकडे झाले.

दुसऱ्या दिवशी मी मिलवॉकीला फोन केला. आभार मानले आणि म्हटलं की इथल्या तलावाचं अजून बरंच काम बाकी आहे. हेही खोटं नव्हतं.

*

सप्टेंबरात हंगामाचा पहिला सामना. ऊन होतं, पण तलावाकडून कोट घालावा लागेल असा गार वारा येत होता. त्याच दोन खुर्च्या, मांडीवर तीच चांदीच्या कागदाची पुडी. मायका तुइआलो मैदानात आला तेव्हा साऱ्या स्टेडियमने उठून टाळ्या वाजवल्या. सामी बसून राहिला. हात मांडीखाली.

मायकाने टोलेडोसाठी पहिला चेंडू फेकला, आणि तो विरुद्ध टीमच्या माणसाने अलगद झेलला.

स्टेडियम कण्हलं. मागच्या रांगेतून लेन अंकल गरजले, "जिराफच घ्यायला हवा होता!" सामीने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं — एप्रिलच्या त्या रात्री, पावसात, मी तोंडाने बोललो, सगळं उघड बोललो, आणि आता हे.

मी विज्ञान शिकलेली बाई आहे. एका चेंडूवरून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. निळ्या काचेत सिलिका, सोडा आणि थोडं कोबाल्ट असतं, यापलीकडे काही नसतं हेही माहीत आहे. मी उभी राहिले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून जिवाच्या आकांताने ओरडले.

"काही दम नाही या पोरात! एकदम टाकाऊ! परत पाठवा याला!"

बाबांच्या ओळखीचे लोक वळून बघायला लागले. सामी आधी थिजला. मग त्याच्या ओठांचा कोपरा हलला, आणि तोही उभा राहिला. "बुटका! दिसत नाही त्याला काही! चष्मा द्या त्याला!"

पुढच्या वेळी चेंडू मायकाच्या हातात आला तेव्हा तीन दांडगे एकदम त्याच्या अंगावर आले. तो वाकला, निसटला, आणि डोळे सताड उघडे ठेवून त्याने चेंडू फेकला. तो उन्हात इतका उंच गेला की क्षणभर कुणालाच दिसेना. खाली आला तो आमच्या माणसाच्या छातीवर, गुण मिळतात त्या रेषेच्या पार.

त्या गोंगाटात सामीने माझा हात घट्ट धरला होता आणि त्याला रडू येत होतं. मी बसले. कोटाच्या कडेला आतून चाचपलं. मणी जागेवर होता.

सामी तनूसबद्दल विचाराल, तर त्यात सांगण्यासारखं काही नाही. दिसायला बेताचा. बोलतो फार. स्वभावात तर काहीच विशेष नाही. त्याच्याशी लग्न केलं ते केवळ खुर्ची शेजारची होती म्हणून.